१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येचे गणिती गुणधर्म

सारांश

नऊ एकक ओळीने लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा आहे. देवळाली येथील गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ असे नाव दिले. प्रस्तुत लेखात या सतरा अंकी संख्येची रचना, तिचे मूळ अवयव, विभाजक, हर्षद व कापरेकर संख्यांशी असलेले तिचे नाते आणि भारतीय गणितपरंपरेतील तिचे पूर्वसूरी यांचा परामर्श घेतला आहे. संख्येचा कोणता गुणधर्म खुद्द संख्येचा आणि कोणता केवळ तिच्या दशमान लेखनाचा, या प्रश्नाचा विचार हा लेखाचा मुख्य हेतू होय.

बीजसंज्ञा : डेम्लो संख्या, कापरेकर संख्या, हर्षद संख्या, मूळ अवयव, आवर्ती दशांश, हातचा.

१. प्रास्ताविक

संख्यांचे नवल वाटणे ही गणिताची पहिली पायरी असते. शालेय वयात ज्या विद्यार्थ्याने ११ चा वर्ग १२१ आणि १११ चा वर्ग १२३२१ येतो हे स्वतः करून पाहिले आहे, त्याला पुढे काय होईल हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. महाविद्यालयात आल्यावर मात्र हा प्रश्न मागे पडतो. अभ्यासक्रमात त्याला स्थान नसते आणि ‘ही केवळ गंमत आहे’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. ही गंमत नेमकी कोठे संपते आणि गणित कोठे सुरू होते, याचा शोध एकाच संख्येच्या आधारे घेता येईल काय, या जिज्ञासेतून हा लेख सिद्ध झाला आहे. लेख समजण्यासाठी गुणाकार, भागाकार व मूळ अवयव यांपलीकडे पूर्वज्ञान लागत नाही. त्यामुळे इतर विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही तो वाचता यावा.

२. संख्येचे वाचन

आजच्या व्यवहारी पद्धतीने ही संख्या १२३४५६७८९८ कोटी ७६ लक्ष ५४ हजार ३२१ अशी वाचावी लागते. हे वाचन सोयीचे नाही, कारण आपल्या बोलण्यातली स्थाननामे कोटीपाशी जवळजवळ थांबतात. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या नावांनी वाचल्यास आपल्या संख्येचे रूप असे दिसते : १ मध्य, २ अंत्य, ३ जलधि, ४ शंकु, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश आणि १ एक. अठरापैकी सतरा स्थाने भरली. केवळ परार्धाचे स्थान रिकामे राहिले. चाळीसगावजवळील पाटणे येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला होता व तेथील शिलालेख १२०७चा आहे, हे येथे आठवते. इतकी मोठी संख्या एका दमात वाचता येण्याची सोय मराठी मुलखातील विद्यार्थ्याला त्या काळी उपलब्ध होती.

३. वर्गाची घडण

ज्या मालिकेत ही संख्या बसते ती प्रथम पाहू.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१
११११११ × ११११११ = १२३४५६५४३२१
१११११११ × १११११११ = १२३४५६७६५४३२१
११११११११ × ११११११११ = १२३४५६७८७६५४३२१
१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

याचे कारण शाळेत शिकवल्या जाणाऱ्या उभ्या गुणाकारातच आहे. १११११११११ ला एकाने गुणून तीच संख्या नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून, एकाखाली एक लिहिली जाते. एककाच्या उभ्या स्तंभात एकच १ येतो, दशकाच्या स्तंभात दोन, शतकाच्या स्तंभात तीन; अशी चढण मधल्या स्तंभापर्यंत जाते व तेथे नऊ एकक जमतात. नंतर तितक्याच क्रमाने उतरण लागते. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही. या मालिकेचे सर्व रहस्य ‘हातचा नसणे’ या एका गोष्टीत आहे.

ज्याला नऊ ओळी मांडण्याचा कंटाळा असेल त्याच्यासाठी आणखी एक वाट आहे. १११११११११ ला ९ ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९ येतो. म्हणून आपली संख्या ही ९९९९९९९९९ आणि १२३४५६७९ यांचा गुणाकार होय. ९९९९९९९९९ ने गुणणे म्हणजे शंभर कोटींनी गुणून मूळ संख्या एकदा वजा करणे. १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा केले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या हाती येते. चढउतारांची ती सुबक रांग एका वजाबाकीत मिळते.

४. डेम्लो संख्या आणि कापरेकर

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात उच्च शिक्षण घेऊन ते मुंबई विद्यापीठाचे १९२९चे बी. एस्सी. झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळेत शिक्षक होते आणि १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचे नाव आज जगभर घेतले जाते, परंतु त्यांचा जिव्हाळ्याचा पहिला विषय डेम्लो संख्या हा होता. ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात १९३८ मध्ये त्यांचा अद्भुत डेम्लो संख्यांवरील लेख प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला डेम्लो संख्यांच्या सिद्धांतावरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

‘डेम्लो’ हे नाव कोणा परदेशी गणितज्ञाचे असावे असा अनेकांचा समज होतो. वास्तविक ते एका रेल्वे स्थानकाचे नाव आहे. तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरचे हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना त्यांना तेथे सुचली, म्हणून त्या संख्यांना स्थानकाचे नाव मिळाले.

डेम्लो संख्येची त्यांची व्याख्या सोपी आहे. संख्येचे डावा, मधला व उजवा असे तीन भाग पाडावेत. मधल्या भागात एकच अंक एक वा अनेक वेळा यावा आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली असता त्याच अंकाची पुनरावृत्ती मिळावी. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये २ व ३ यांची बेरीज ५ असून मध्ये ५५ आहे. १६५ मध्ये १ व ५ यांची बेरीज ६ येते. आता आपली संख्या पाहू. मधला अंक ९, डावा भाग १२३४५६७८ आणि उजवा भाग ८७६५४३२१. दोहोंची बेरीज ९९९९९९९९. अट पूर्ण झाली. कारणही उघड आहे : डावीकडे १ असेल तेथे उजवीकडे ८, २ असेल तेथे ७, प्रत्येक जोडीची बेरीज ९. मालिकेतील इतर संख्यांतही हेच घडते. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३ व मध्ये ३. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४ व मध्ये ४.

५. अंकांच्या बेरजेचे गुणधर्म

आपल्या संख्येच्या सतरा अंकांची बेरीज ८१ येते. एकपासून आठपर्यंतची बेरीज ३६. ती दोन बाजूंनी दोनदा येते, म्हणजे ७२, आणि मधले ९. मालिकेतील प्रत्येक संख्येला हा नियम लागू आहे : मधला अंक जो असेल त्याच्या वर्गाइतकी अंकांची बेरीज येते. एकपासून एखाद्या संख्येपर्यंत चढून पुन्हा एकपर्यंत उतरल्यास त्या संख्येचा वर्ग मिळतो, या परिचित सूत्राचेच हे रूप आहे. संख्या स्वतः एका संख्येचा वर्ग आणि तिच्या अंकांची बेरीजही वर्ग, असा हा दुहेरी योग.

ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी संख्या म्हटले. आपल्या संख्येला ८१ ने भागून पाहिल्यास १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार बाकी न उरता येतो; तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. तेव्हा ही संख्या हर्षदही आहे. याउलट ८१ ने गुणल्यास ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग, मिळतो. एकाच संख्येला ८१ ने भागा किंवा गुणा, उत्तर पूर्ण वर्गच. अर्थात ८१ हाच वर्ग असल्याने यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. आश्चर्य आहे ते भाग बाकीशिवाय जाण्यात, आणि त्याचे मूळ १११११११११ ला ९ ने भाग जाण्यात आहे.

६. मूळ अवयव आणि त्यांचे आवर्तन

आतापर्यंतचे गुणधर्म अंकांच्या मांडणीचे होते. आता संख्येच्या अंतरंगात शिरू. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत. त्यामुळे आपल्या संख्येत ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ म्हणजे ४५. पूर्ण वर्ग असलेल्या संख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते. तो नियम येथे पडताळता येतो.

या तीन मूळ संख्यांचे परस्परांशी असलेले नाते त्यांच्या व्यस्तांकांत दिसते. १ ला ३ ने भागले तर ०·३३३… येते. एकच अंक पुन्हा पुन्हा येतो. ३७ ने भागले तर ०·०२७०२७… असे तीन अंकांचे आवर्तन मिळते. ३३३६६७ ने भागले तर ०००००२९९७ या नऊ अंकांचे आवर्तन मिळते. आवर्तनांची लांबी १, ३ आणि ९. एवढेच नव्हे, तर एका अंकाचे आवर्तन देणारी ३ ही एकमेव मूळ संख्या आहे, तीन अंकांचे आवर्तन देणारी ३७ ही एकमेव, आणि नऊ अंकांचे आवर्तन देणारी ३३३६६७ ही एकमेव. ज्या मूळ संख्येचे आवर्तन इतर कोणत्याही मूळ संख्येच्या वाट्याला येत नाही, तिला संख्यासिद्धांतात ‘अनन्य मूळ संख्या’ म्हणतात. आपली सतरा अंकी संख्या अशा तीन अनन्य मूळ संख्यांपासून घडली आहे.

आणखी एक गुणधर्म भूमितीचा आहे. ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागल्यास बाकी ३ राहते. ३७ ला भागल्यास बाकी १ राहते. दोन वर्गांच्या बेरजेविषयीच्या प्रसिद्ध सिद्धांतानुसार, काटकोन त्रिकोणाचा कर्ण होण्याची क्षमता केवळ ३७ या अवयवातून येते. १२, ३५ व ३७ या बाजूंचा काटकोन त्रिकोण सर्वश्रुत आहे. १११११११११ ला ३७ ने भागल्यास ३००३००३ येतात. त्या संख्येने तिन्ही बाजू गुणल्यास ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११ या बाजूंचा काटकोन त्रिकोण मिळतो. म्हणजे आपली संख्या ही ३६०३६०३६ व १०५१०५१०५ यांच्या वर्गांची बेरीज आहे. आणि दोन शून्येतर वर्गांच्या बेरजेत ती मांडण्याची हीच एक रीत आहे, दुसरी नाही.

अंकांच्या दर्शनी रूपावरून अवयवांचा अंदाज बांधता येत नाही, याचे एक उत्तम उदाहरण येथे द्यावयास हवे. आपल्या संख्येच्या मध्यभागी ९ नंतर उतरण्याऐवजी १० पर्यंत चढून मग ९, ८, ७ असे उतरले, तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मिळते. दिसण्यात ती जुळी बहीण भासते. परंतु ती मूळ संख्या आहे. एकीला पंचेचाळीस विभाजक, तर दुसरीला केवळ दोन.

७. दहाव्या पायरीवर काय होते?

नऊ एककांपर्यंत हातचा नव्हता. दहा एकक घेतल्यावर मधल्या स्तंभात १० जमतात, हातचा येतो आणि रांग मोडते. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. आठ गळून पडतो, मध्ये दोन शून्ये येतात, अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ होते. बहुतेक लेख या ठिकाणी थांबतात. वास्तविक पाहता नवे गणित येथूनच पुढे दिसू लागते.

कापरेकर संख्येची व्याख्या अशी : संख्येचा वर्ग करावा, त्याच्या उजवीकडून मूळ संख्येत जितके अंक असतील तितके अंक वेगळे काढावेत, उरलेला डावा भाग त्यात मिळवावा, बेरीज मूळ संख्येइतकी आली तर ती कापरेकर संख्या. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. आता हीच क्रिया आपल्या मालिकेवर करून पाहू. १२१ : १ आणि २१ मिळून २२. १२३२१ : १२ आणि ३२१ मिळून ३३३. १२३४३२१ : १२३ आणि ४३२१ मिळून ४४४४. आपल्या संख्येचे दोन भाग १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. म्हणजे दोन एककांना दुप्पट, तीन एककांना तिप्पट आणि नऊ एककांना नऊपट परत मिळते. यांतील १ ची संख्या सोडल्यास कोणीही कापरेकर संख्या नाही.

दहा एककांच्या वर्गाचे दोन भाग १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१ असे पडतात. त्यांची बेरीज ११११११११११. म्हणजे जेथे डेम्लोची चढउतारीची रांग मोडली, तेथेच ११११११११११ ही संख्या कापरेकर संख्या ठरली. एका सौंदर्याच्या शेवटी दुसरे उभे राहिले.

याची उपपत्ती थोडक्यात अशी. दोन भागांची बेरीज करणे म्हणजे, बाकीच्या दृष्टीने, वर्गाला तितक्याच नवांच्या संख्येने भागणे. एककांची संख्या कितीही असो, तितक्या नवांची संख्या ही तिच्या नऊपट असते. म्हणून सर्व काही एका गोष्टीवर अवलंबून राहते : एककांच्या संख्येला ९ ने भागल्यास बाकी किती उरते? ती बाकी म्हणजे एकक किती आहेत त्या गणनेची ९ ने भागून उरणारी बाकी. तीन एककांना बाकी ३, म्हणून तिप्पट. दहा एककांना बाकी १, म्हणून एकपट. अकरा एककांना बाकी २, म्हणून दुप्पट. नऊ एककांना बाकी शून्य येते. बेरीज शून्य असू शकत नाही, म्हणून ती पूर्ण नऊपट होते. याच न्यायाने एकोणीस एककांची आणि अठ्ठावीस एककांची संख्याही कापरेकर संख्या असलीच पाहिजे, हे गुणाकार न करताच सांगता येते.

अनंत एककांचे काय, असाही प्रश्न विचारता येईल. ०·१११… म्हणजे एक नवमांश. त्याचा वर्ग एक एक्याऐंशांश, आणि त्याचे दशांशरूप ०·०१२३४५६७९०१२३४५६७९… असे आहे. हातच्यामुळे आठ गळालेली तीच चढण येथे अखंड फिरत राहते.

८. परंपरेतील पूर्वसूरी

अशा संख्यांचे कुतूहल विसाव्या शतकात प्रथमच निर्माण झाले असे नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, ८५०च्या सुमारास, जैन गणितज्ञ महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्या काळी आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग राष्ट्रकूटांच्या अमलाखाली होता. गुणाकाराच्या प्रकरणात महावीराचार्यांनी काही निवडक उदाहरणे दिली असून त्यांची उत्तरे कंठातील अलंकारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणल्यास १२३४५६५४३२१, १५२२०७ ला ७३ ने गुणल्यास ११११११११, आणि १२३४५६७९ ला ९ ने गुणल्यास १११११११११.

पहिले उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग; आणि २१ × ५२९१ = ११११११. म्हणजे १११११ च्या पुढची सहा एककांची संख्या अवयवांत फोडून, तिच्या वर्गाला दोन वर्गांच्या गुणाकाराचे रूप येथे आले आहे. तिसऱ्या उदाहरणातील गुणाकाराचा वर्ग केला असता आपली प्रस्तुत संख्या मिळते. देवळालीच्या शिक्षकाने जी वाट चोखाळली तिच्यावर अकराशे वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा होत्या, असे म्हणता येईल.

९. यंत्राची मर्यादा

आठ वा दहा अंकी गणकयंत्रावर ही संख्या मावत नाही, हे समजण्यासारखे आहे. संगणकावर मात्र ती बिनचूक मिळेल अशी आपली अपेक्षा असते. स्प्रेडशीटमध्ये १११११११११ चा वर्ग करून सर्व अंक दाखवावयास सांगितल्यास १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर मिळते, कारण तेथे पंधराच सार्थ अंक जपले जातात. काही संगणकीय भाषांत शेवटचा १ जाऊन ० येतो. तेथे संख्येसाठी द्विमान पद्धतीचे त्रेपन्न अंक राखलेले असतात. ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे त्या पद्धतीला सर्व पूर्णांक लिहिता येत नाहीत. आपली संख्या त्या सीमेपलीकडे असून विषम आहे, आणि त्या टप्प्यात केवळ सम संख्याच मावतात.

ही बाब केवळ तात्त्विक नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात विद्यार्थ्यांचे लांबलचक खातेक्रमांक वा ओळखक्रमांक स्प्रेडशीटमध्ये ‘संख्या’ म्हणून भरले गेले, तर पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात आणि चूक कोणाच्या ध्यानी येत नाही. असे क्रमांक ‘मजकूर’ म्हणून भरावयाचे असतात. ज्याने ही संख्या एकदा कागदावर गुणून पाहिली आहे, त्याला पडद्यावरील दोन शून्ये तत्काळ खटकतात.

१०. गुणधर्म संख्येचा की लेखनाचा?

इंग्लंडमधील थोर गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अंकांच्या गमतींवर कठोर टीका केली आहे. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असलेल्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डींच्या मते अशा तथ्यांत गणितज्ञाला भावेल असे काही नाही, कारण त्यांचे व्यापकीकरण होत नाही. कापरेकरांच्या कामाकडे दीर्घकाळ झालेल्या दुर्लक्षामागे हाच दृष्टिकोन होता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

हार्डींचा आक्षेप सर्वस्वी चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. पंचेचाळीस विभाजक, तीन मूळ अवयव, दोन वर्गांच्या बेरजेची एकमेव रीत हे गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत. ती कोणत्याही लिपीत वा कोणत्याही पायावर लिहिली तरी ते बदलत नाहीत. याउलट चढउताराची रांग, ८१ ही अंकांची बेरीज, डेम्लोपण हे सारे आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून आहे. द्विमान पद्धतीत लिहिताच ही रांग नाहीशी होते.

तथापि, येथे थांबणे घाईचे ठरेल. आठच्या पायावर सात एकक लिहून वर्ग केल्यास १२३४५६७६५४३२१ अशीच रांग मिळते. बाराच्या पायावर ती अकराव्या अंकापर्यंत चढते. पाया कोणताही असो, त्याहून एकाने कमी इतके एकक घेईपर्यंत हातचा येत नाही. म्हणजे विशिष्ट संख्या दहाच्या पायाची असली, तरी नियम सर्व पायांचा आहे. हार्डींनी मागितलेले व्यापकीकरण ते हेच.

कापरेकर संख्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक ठळकपणे सिद्ध झाली. डग्लस इयानुची यांनी २००० साली दाखवून दिले, की कापरेकर संख्या आणि केवळ नवांनी बनलेल्या संख्यांचे एक विशिष्ट प्रकारचे विभाजक, म्हणजे उरलेल्या अवयवाशी ज्यांचा १ खेरीज सामाईक विभाजक नाही असे विभाजक, यांच्यात एकास एक संगती आहे. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या ही द्विमान पद्धतीत कापरेकर संख्या असते, हेही त्यातून निष्पन्न झाले. उदाहरणार्थ, २८ चा वर्ग ७८४. तो १२ × ६४ + १६ असा मांडता येतो आणि १२ व १६ मिळून २८ होतात. ज्याला गंमत म्हटले गेले, तिचे धागे युक्लिडच्या परिपूर्ण संख्यांपर्यंत पोहोचले.

११. अध्यापनातील उपयोग

कर्जतसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, अवर्षणप्रवण ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात, संशोधन म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेत होणारी गोष्ट अशी समजूत दृढ असते. संख्यासिद्धांतात मात्र कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर आरंभ करता येतो. कापरेकरांकडे याहून अधिक काही नव्हते. प्रस्तुत संख्येच्या आधारे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न देता येतील : रांग दहाव्या पायरीवर का मोडते, ते स्तंभ मांडून दाखवा. १११११११११ ला ९ ने भाग का जातो? दोन्ही भागांच्या बेरजेचा नियम एकोणीस एककांसाठी सिद्ध करा. सोळाच्या पायावर ही रांग किती अंकांची होईल? यांतील प्रत्येक प्रश्न निरीक्षणापासून सुरू होऊन सिद्धतेपाशी संपतो. दरवर्षी २२ डिसेंबरला साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय गणित दिनानिमित्त भाषणांऐवजी असा एखादा प्रश्न फलकावर लिहून ठेवला, तरी त्या दिवसाचे सार्थक होईल.

१२. निष्कर्ष

१) १२३४५६७८९८७६५४३२१ ही दशमान पद्धतीत हातचा न येता मिळणारी शेवटची व सर्वांत मोठी अद्भुत डेम्लो संख्या असून ती हर्षद संख्याही आहे.

२) तिचे मूळ अवयव ३, ३७ व ३३३६६७ या तिन्ही अनन्य मूळ संख्या असून त्यांच्या आवर्तनांची लांबी अनुक्रमे १, ३ व ९ आहे.

३) तिच्या दोन भागांची बेरीज मूळ संख्येच्या नऊपट होते, लगतच्या दहा एककांच्या संख्येत मात्र तीच क्रिया कापरेकर संख्या देते. दोन्हींचे कारण ९ ने भागून उरणारी बाकी हेच आहे.

४) अंकांच्या मांडणीवरील गुणधर्म लेखनपद्धतीवर अवलंबून असले, तरी त्यांच्यामागील नियम कोणत्याही पायासाठी सिद्ध करता येतात. त्यामुळे त्यांना केवळ मनोरंजन म्हणून बाजूला सारणे योग्य ठरत नाही.

संख्येकडे पाहून नवल वाटणे आणि त्या नवलाचे कारण शोधणे, या दोहोंच्या मध्ये शिक्षकाची जागा असते. देवळालीच्या एका शाळाशिक्षकाने ती जागा बत्तीस वर्षे सांभाळली. आपल्या वर्गात १२३२१ पाहून ‘पुढे काय?’ असे विचारणारा विद्यार्थी भेटला, तर त्याला उत्तर न सांगता कागद पुढे करावा, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.